वॉचमनला सुट्टी देऊन घेतलेली परीक्षा

हे आपल्या या आठवड्याच्या भागाचं लेखी रूप. लोकलमध्ये, बसमध्ये ऐकताना नावं आणि सालं निसटतात, म्हणून इथे सगळं नीट लिहून ठेवतोय. ज्यांनी भाग ऐकलाय त्यांनी हवं तेवढंच वाचा. ज्यांनी नाही ऐकला त्यांनी इथूनच सुरुवात केली तरी चालेल.

आजची सुरुवात एका वाक्यापासून करू.

पोस्टग्रेस हे नाव तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. हे डेटाबेस सॉफ्टवेअर आहे. १९८६ मध्ये मायकेल स्टोनब्रेकर यांनी कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात एक प्रकल्प सुरू केला, त्यातून ते उभं राहिलं. आज ते फुकट आहे, त्याचा सगळा कोड उघडा आहे, जगभरातले लोक त्यावर काम करतात आणि त्यात पुण्यातले इंजिनियरही आहेत. पैशांचे हिशोब, तिकिटांची नोंद, असली कामं लोक निर्धास्तपणे त्याच्यावर सोपवतात. त्याची कागदपत्रंही फार नीटनेटकी म्हणून ओळखली जातात.

याच कागदपत्रांत मॅक संगणकासाठी एक छोटा भाग आहे. त्यात म्हटलंय ते असं: मॅकच्या एका सुरक्षा सोयीमुळे आमच्या टेस्ट मोडतात, त्यावर अमुक उपाय आहे, पण खरं सांगायचं तर आमच्यातले बहुतेक डेव्हलपर ती सुरक्षाच बंद करून टाकतात.

मी ते दोनदा वाचलं. विश्वासावर चालणारं सॉफ्टवेअर बनवणारी माणसं. तीच स्वतःच्या मशीनचं कुलूप काढून ठेवतात, आणि तेही एवढ्या साधेपणाने लिहून! हे निष्काळजी लोक नाहीत. मग असं का झालं असेल? या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलो तर थेट १९७३ पर्यंत जावं लागतं.

टेस्ट म्हणजे नक्की काय

आधी एक मिनिट पाया. सॉफ्टवेअरची टेस्ट म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, जो मोठ्या प्रोग्रॅमला कामाला लावतो आणि उत्तर बरोबर आलं का ते बघतो. पोस्टग्रेसमध्ये एक आज्ञा दिली की काय होतं? एक तात्पुरता डेटाबेस उभा राहतो, त्याला शेकडो प्रश्न विचारले जातात, आलेली उत्तरं आधीच लिहून ठेवलेल्या उत्तरांशी ताडून बघतात, आणि शेवटी तो तात्पुरता संसार मोडून टाकतात. काल चालत होतं ते आज माझ्या बदलामुळे बिघडलं नाही ना, एवढंच बघायचं असतं.

आता गंमत अशी की टेस्ट करणाऱ्या माणसाला नेमक्या त्याच गोष्टी कराव्या लागतात ज्या चोर करतो. दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत डोकावायचं. त्याला खोटं घड्याळ दाखवायचं. त्याचा एखादा सुटा भाग काढून तिथे आपला भाग बसवायचा. हेतू वेगळा, पण हातांची हालचाल तीच. आणि ऑपरेटिंग सिस्टीमला हेतू दिसत नाही, हालचाल दिसते.

आजचा सगळा इतिहास या एका अडचणीचा आहे.

खिशातली चिठ्ठी

समजा तुमच्या घरी लग्नाचं जेवण आहे आणि आचारी बोलावलाय. तो नेहमी मसाला स्वयंपाकघरातल्या ठरलेल्या डब्यातून घेतो. आज तुम्हाला नवा मसाला करून बघायचाय. तुम्ही त्याच्या खिशात चिठ्ठी टाकता: आज मसाला ओट्यावरच्या वाटीतून घे. आचारी तोच, पाककृती तीच, फक्त मसाला बदलला. टेस्टला एकदम सोयीचं.

संगणकात ही चिठ्ठी असते. तिला एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल म्हणतात. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ती आली. एक प्रोग्रॅम दुसऱ्याला सुरू करतो तेव्हा चिठ्ठ्यांचा हा गठ्ठा पुढे देतो, तो तिसऱ्याला देतो, असं चालत राहतं.

आणि मसाला म्हणजे लायब्ररी. प्रत्येक प्रोग्रॅम सगळं स्वतः करत नाही. बरीचशी कामं तो एका सामाईक फाईलमधून उसनी घेतो. १९८० च्या दशकाच्या शेवटी सन कंपनीच्या सनओएसमध्ये ही पद्धत रुळली आणि तिच्याबरोबर एक खास चिठ्ठीही आली: लायब्ररी अमक्या फोल्डरमध्ये शोध. लिनक्सवर आणि मॅकवर याच चिठ्ठीचे भाऊबंद आहेत. मॅकवरच्या चिठ्ठ्यांची नावं डीवायएलडी या अक्षरांनी सुरू होतात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता दुसरी बाजू. युनिक्समध्ये रूट नावाचा एक मालक असतो, ज्याच्याकडे सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या. साध्या माणसाला आपला पासवर्ड बदलायचा असेल, तर पासवर्डची फाईल मालकाची, मग कसं करणार? बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी यावर तोडगा काढला: काही निवडक प्रोग्रॅम कोणीही सुरू केले तरी ते मालकाच्या अधिकाराने चालतील. याला सेटयूआयडी म्हणतात. १९७३ मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला आणि १९७९ मध्ये पेटंट मिळालं. कल्पना इतकी कामाची होती की आजही ती वापरात आहे.

आता या दोन गोष्टी एकत्र करा. आचाऱ्याच्या कमरेला घरातल्या सगळ्या किल्ल्या आहेत आणि त्याच्या खिशात चिठ्ठी कोणीही टाकू शकतं. चिठ्ठीत लिहिलंय: मसाला माझ्या वाटीतून घे. आणि त्या वाटीत मसाला नाहीच, विष आहे.

हे लोकांच्या लवकरच लक्षात आलं. म्हणून नियम झाला: आचारी किल्ल्या उसन्या घेऊन आला असेल, तर त्याच्या खिशातल्या मसाल्याच्या चिठ्ठ्या वाचायच्याच नाहीत.

नियम चांगला होता. पण १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या सर्ट या संस्थेने एक इशारा काढला. त्या काळी दूरच्या संगणकावर शिरायला टेलनेट वापरत. टेलनेटमध्ये एक नवी सोय आली होती: येताना आपल्या चिठ्ठ्याही घेऊन या. आता टेलनेटचा दारावरचा प्रोग्रॅम मुळातच मालकाच्या अधिकाराने चालायचा. तो पुढे लॉगिनचा प्रोग्रॅम सुरू करायचा. तपासणी विचारायची, किल्ल्या उसन्या आहेत का? नाहीत, मालकानेच मालकाला बोलावलंय. मग चिठ्ठ्या वाचायला हरकत नाही! म्हणजे हल्लेखोराने कशीतरी आपली एक फाईल त्या मशीनवर ठेवली की बाहेरून, पासवर्डशिवाय, तो थेट मालक.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण असं, की पुढे जेव्हा कोणी म्हणेल “एका साध्या चिठ्ठीवर एवढी बंदी कशाला”, तेव्हा हा टेलनेट आठवायचा.

मालक बनून काम करायची सवय

आता थोडं विंडोजकडे वळू. तिथे चिठ्ठीचा प्रश्न नव्हता, पण टेस्ट करणाऱ्यांची तीच सवय होती.

विंडोज एक्सपीच्या काळात घरोघरी लोक ऍडमिनिस्ट्रेटर म्हणूनच संगणक वापरायचे. प्रोग्रॅम लिहिणारेही ऍडमिनिस्ट्रेटर, टेस्ट करणारेही ऍडमिनिस्ट्रेटर. त्यामुळे बरेच प्रोग्रॅम आपल्या सेटिंग बिनधास्त प्रोग्रॅम फाइल्स या फोल्डरमध्ये लिहायचे, जिथे साध्या वापरकर्त्याला लिहायची परवानगी नसते. टेस्टमध्ये हा दोष कधी सापडलाच नाही. सापडणार कसा? टेस्ट घेणाऱ्याकडे सगळ्या किल्ल्या होत्या.

जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा बाजारात आलं आणि प्रत्येक मोठ्या कामाआधी पडदा काळवंडून प्रश्न यायला लागला: परवानगी देताय का? लोक वैतागले. ऍपलने त्यावर टिंगल करणारी जाहिरात काढली. २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या आरएसए परिषदेत मायक्रोसॉफ्टच्याच डेव्हिड क्रॉस यांनी सरळ कबूल केलं की ही सोय त्रास व्हावा म्हणूनच केली होती. त्रास झाला की लोक सॉफ्टवेअर कंपन्यांकडे तक्रार करतील आणि कंपन्या आपले प्रोग्रॅम सुधारतील, असा हिशोब होता.

हिशोब बराचसा जमला. पण मधल्या काळात असंख्य लोकांनी तो प्रश्नच बंद करून टाकला. लिनक्सवरही तेच. अमेरिकेच्या एनएसएने बनवलेली एसईलिनक्स ही पहारा देणारी यंत्रणा २००३ मध्ये लिनक्सच्या मुख्य कोडमध्ये आली, आणि लवकरच “काही चालत नसेल तर आधी एसईलिनक्स बंद करून बघा” हा सल्ला सगळीकडे पाठ झाला. गंमत बघा, त्या सल्ल्यात “बघून झालं की परत चालू करा” हे वाक्य क्वचितच असायचं.

२०१५: चिठ्ठी दारातच काढून घेतली

आता मॅकवर येऊ. वर्ष २०१५.

त्या जूनमध्ये ऍपलने आपल्या वार्षिक परिषदेत नव्या आवृत्तीत काय असेल ते सांगितलं. नाव एल कॅपिटन. त्यात एक नवी सोय होती, सिस्टीम इंटेग्रिटी प्रोटेक्शन, म्हणजे एसआयपी. कल्पना अशी: मालकाचा पासवर्ड चोरीला गेला तरी सगळं घर लुटलं जाऊ नये. म्हणून काही फोल्डर असे ठरवले की तिथे रूटलासुद्धा हात लावता येणार नाही. ज्या युनिक्समध्ये रूट म्हणजे सर्वेसर्वा, तिथे हा मोठाच बदल होता.

आणि जणू ऍपलची बाजू पटवून द्यायलाच, त्याच उन्हाळ्यात एक प्रकरण झालं. आधीच्या आवृत्तीत ऍपलने एक नवी चिठ्ठी आणली होती: लायब्ररी जोडताना चुका झाल्या तर त्या अमक्या फाईलमध्ये लिही. डीवायएलडी कुळातलीच. पण किल्लीवाल्या आचाऱ्याने ही चिठ्ठी वाचायची नाही, हा जुना नियम तिला लावायचा राहून गेला. म्हणजे कोणीही, मालकाच्या अधिकाराने, कुठल्याही फाईलमध्ये लिहू शकत होतं. जुलै २०१५ मध्ये स्टेफान एसर या सुरक्षा संशोधकाने ते उघड केलं. ऑगस्टच्या सुरुवातीला मालवेअरबाइट्स कंपनीला एक जाहिरातबाज प्रोग्रॅम सापडला, जो याच फटीतून शिरत होता. मालकाचे अधिकार कोणाला मिळतात याची यादी मॅकवर एका फाईलमध्ये असते. हा प्रोग्रॅम त्या यादीत असा बदल करायचा की पासवर्ड विचारणंच बंद. १३ ऑगस्टला ऍपलने दुरुस्ती पाठवली.

म्हणजे टेलनेटच्या प्रकरणानंतर २० वर्षांनी, दुसऱ्या कंपनीच्या सिस्टीममध्ये, पुन्हा खिशातली चिठ्ठीच नडली.

३० सप्टेंबर २०१५ ला एल कॅपिटन आलं. एसआयपीमध्ये चिठ्ठ्यांचा नवा नियम होता: ऍपलचा कुठलाही राखीव प्रोग्रॅम सुरू झाला की त्याच्या गठ्ठ्यातल्या डीवायएलडी चिठ्ठ्या काढून फेकायच्या. किल्ल्या उसन्या आहेत की नाहीत, हे बघायचंच नाही.

वरवर बघता यात टेस्टवाल्यांचं काही बिघडायला नको. ते स्वतःच्या प्रोग्रॅमची टेस्ट घेतात, ऍपलच्या नाही. पण टेस्ट सुरू कशी होते ते बघा. तुम्ही आज्ञा देता. ती आज्ञा शेलला बोलावते, म्हणजे आज्ञा वाचून कामं वाटणारा प्रोग्रॅम. शेल तुमची टेस्ट सुरू करतो. आणि शेल कोणाचा? ऍपलचा, राखीव फोल्डरमधला. तुम्ही दिलेली चिठ्ठी शेलच्या दारातच काढून घेतली गेली. टेस्टपर्यंत ती पोचलीच नाही. पायथनच्या कित्येक स्क्रिप्ट पहिल्या ओळीत ज्या छोट्या मदतनीस प्रोग्रॅमला बोलावतात, तोही राखीवच. तिथेही चिठ्ठी गायब. कुठे नोंद नाही, सूचना नाही. टेस्ट फक्त म्हणते: लायब्ररी सापडली नाही.

पोस्टग्रेसचं नेमकं हेच झालं. तात्पुरत्या फोल्डरमधली ताजी लायब्ररी वापर, हे सांगणारी चिठ्ठी वाटेत हरवली.

चार वाटा

मग लोकांनी काय केलं? मी जेवढं वाचलंय त्यावरून चार वाटा दिसतात. प्रत्येकीची किंमत वेगळी आहे, म्हणून जरा थांबून बघू.

पहिली, सगळ्यात सोपी. मॅक बंद करायचा, रिकव्हरी मोडमध्ये सुरू करायचा, टर्मिनल उघडून सीएसआरयुटिल डिसेबल अशी आज्ञा द्यायची आणि पुन्हा सुरू करायचा. पाच मिनिटांचं काम. सगळ्या टेस्ट चालतात. पण बंद झालेली गोष्ट फक्त चिठ्ठीपुरती नसते. राखीव फोल्डरांवरचा पहाराही उठतो. आणि तो तुमच्या टेस्टपुरता नाही, तर त्या मशीनवरच्या प्रत्येक प्रोग्रॅमसाठी, तुम्ही पुन्हा चालू करेपर्यंत.

दुसरी वाट पोस्टग्रेसच्या कागदपत्रांत सांगितलेली: आधी सॉफ्टवेअर कायमच्या जागी बसवा, मग टेस्ट चालवा. म्हणजे चिठ्ठी नसली तरी लायब्ररी ठरलेल्या जागी सापडेल. कुलूप शाबूत राहतं. पण इथे एक खड्डा आहे. समजा तुम्ही त्याच लायब्ररीत आज बदल केलाय आणि पुन्हा बसवायला विसरलात. टेस्ट चालेल. हिरवी खूण येईल. फक्त ती कालच्या लायब्ररीची असेल. मला तर ही लाल खुणेपेक्षा जास्त धोक्याची वाटते, कारण लाल खूण निदान तुम्हाला थांबवते.

तिसरी वाट, चिठ्ठीचं नाव बदलायचं. पहारा फक्त डीवायएलडीने सुरू होणाऱ्या चिठ्ठ्या काढतो. मग दुसऱ्याच नावाने पाठवायची आणि शेलच्या आत, टेस्ट सुरू व्हायच्या क्षणी, मूळ नावाने पुन्हा लिहायची. किंवा ऍपलच्या शेलऐवजी होमब्रूसारख्या साधनाने स्वतः बसवलेला शेल वापरायचा, जो राखीव नाही. कोणी म्हणेल ही तर पळवाट झाली. मला तसं वाटत नाही. पहारा ज्याचं रक्षण करतो, म्हणजे ऍपलचे राखीव प्रोग्रॅम, त्यांना इथे धक्काच लागत नाही. चिठ्ठी फक्त तुमच्या स्वतःच्या प्रोग्रॅमला मिळते. आणि ते किती वेळासाठी, तर टेस्ट संपेपर्यंत.

चौथी वाट, घराचीच रचना बदलायची. मॅकवर २००७ पासून अशी सोय आहे की प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवता येतं: माझी लायब्ररी माझ्या शेजारच्या फोल्डरमध्ये आहे. पूर्ण पत्ता नाही, तर शेजारचा. मग प्रोग्रॅम तात्पुरत्या फोल्डरमध्ये असो की कायमच्या, लायब्ररी बरोबर सापडते. चिठ्ठीची गरजच संपली. यात मेहनत आहे. जुन्या मोठ्या प्रकल्पात बांधणीची शेकडो ठिकाणं बदलावी लागतात, आणि ते काम ज्याच्या गळ्यात पडतं त्याला कोणी शाबासकी देत नाही. म्हणूनच बहुतेकांनी पहिली वाट धरली. आळस म्हणून सोडून देऊ नका. संध्याकाळी सात वाजता टेस्ट अडली असेल आणि उद्या कोड द्यायचा असेल, तर माणूस पाच मिनिटांचा उपाय करतो, पाच दिवसांचा नाही.

सप्टेंबर २०१९: हॉलिवूडमधले बंद पडलेले मॅक

“कुलूप काढलं तर काय होतं? माझ्या मशीनवर कोण येणार आहे?” असं म्हणणाऱ्यांसाठी ही गोष्ट.

सप्टेंबर २०१९ च्या शेवटच्या आठवड्यात लॉस एंजेलिसमध्ये फिल्म आणि टीव्हीच्या एडिटरांचे मॅक प्रो अचानक सुरू होईनासे झाले. हे लोक ऍव्हिड मीडिया कंपोझर नावाचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरत होते. म्हणून पहिला संशय ऍव्हिडवर. कोणी म्हणालं व्हायरस आलाय. संगणक बंद करू नका, असे निरोप फिरले.

कारण निघालं भलतंच. या मशीनवर गूगल क्रोम होतं, आणि क्रोमला अपडेट करणारा कीस्टोन नावाचा छोटा प्रोग्रॅम. त्याच्या नव्या आवृत्तीत दोष होता. मॅकच्या मुळाशी व्हार नावाची एक जोडणी असते, सिस्टीम सुरू व्हायला ती लागतेच. कीस्टोन तीच उडवत होता. गूगलने अपडेट थांबवलं आणि दुरुस्तीच्या आज्ञा जाहीर केल्या.

पण मग जगभरातले सगळे मॅक का नाही पडले? कारण ही जोडणी एसआयपीच्या पहाऱ्यात असते. पहारा चालू होता तिथे कीस्टोनला तिला हात लावता आला नाही आणि कोणाला काही कळलंही नाही. पडले ते मॅक, जिथे पहारा बंद केला होता किंवा जिथे तो येण्याआधीची सिस्टीम होती. एडिटिंगच्या धंद्यात बाहेरच्या कंपनीची व्हिडिओ कार्डं वगैरे चालवण्यासाठी एसआयपी बंद ठेवायची पद्धत होती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं.

यात कोणी हल्लेखोर नव्हता. एका नावाजलेल्या कंपनीचा चुकलेला अपडेट, आणि कधीतरी, कुठल्यातरी रास्त कामासाठी काढलेलं कुलूप, जे परत लावायचं राहून गेलं. पोस्टग्रेसच्या डेव्हलपरांचं कारण वेगळं होतं, पण त्या आठवड्यात क्रोम असलेला त्यांचा मॅकही त्याच रांगेत उभा होता.

पहारेकऱ्यांनाही कळलं

इतिहासाची दुसरी बाजूही सांगायला हवी. कुलूप बनवणाऱ्यांच्या हळूहळू लक्षात आलं की टेस्ट करणाऱ्याला कायदेशीर छोटं दार दिलं नाही, तर तो भिंतच पाडतो.

२०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून मॅकच्या गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये डेव्हलपर टूल्स अशी एक यादी आहे. मॅक प्रत्येक नवा प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवताना तपासतो. टेस्टवाले तर दर मिनिटाला नवे प्रोग्रॅम बनवतात. रस्टसारख्या भाषेत एका फेरीत टेस्टचे ढीगभर प्रोग्रॅम तयार होतात, आणि प्रत्येकाची झडती. मग टेस्ट रखडतात. टर्मिनलचं नाव त्या यादीत घातलं की टर्मिनलमधून चालणाऱ्या प्रोग्रॅमची ही झडती टळते. धोका शून्य होत नाही, टर्मिनलमध्ये काय चालवताय याची जबाबदारी तुमच्यावर येते. पण बाकी घराचा पहारा तसाच राहतो.

आणखी एक मला फार आवडलेली गोष्ट. ऍपलच्या साधनांत चाचणीसाठी बनवलेल्या प्रोग्रॅमवर एक खास परवाना लावला जातो: माझ्या आत डोकावू द्या. पण तोच प्रोग्रॅम लोकांना वाटण्यासाठी ऍपलकडे तपासायला पाठवला आणि परवाना काढायचा राहिला असेल, तर ऍपल तो परत पाठवतं. सवलत चाचणीपुरतीच आहे, हे माणसाच्या आठवणीवर सोडलेलं नाही.

तुमच्या फोनपर्यंत

फोनमध्येही हीच कथा आहे. अँड्रॉइडमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी गंमत म्हणून केलं असेल. ते दार टेस्ट करणाऱ्यांसाठी आहे. त्यातलं यूएसबी डिबगिंग चालू असेल तर जोडलेला संगणक फोनला आज्ञा देऊ शकतो. म्हणून अँड्रॉइड ४.२.२ पासून नवा संगणक जोडला की फोन आधी तुम्हाला विचारतो. आपल्याकडची काही बँकांची ऍप हे दार उघडं दिसलं की चालायलाच नकार देतात. आता त्यांचं कारण लक्षात आलं असेल.

आणि अँड्रॉइडमध्ये एक शहाणपणाचा नियम आहे. फोन बनवणाऱ्यांसाठी सिस्टीमच्या तीन जाती असतात. त्यातल्या दोन मोकळ्या, ज्यात रूट मिळतो. त्यांच्यावर दिवसभर हवी तेवढी तोडफोड करा. तिसरी कुलूपबंद, जी गिऱ्हाईकाच्या हातात जाते. फोन खरा अँड्रॉइड आहे की नाही हे ठरवणारी अधिकृत टेस्ट मात्र या तिसऱ्या जातीवरच चालवावी लागते. शिकताना मोकळं मशीन, परीक्षेला कुलूपबंद.

मला या सगळ्या इतिहासाचं सार इथे दिसतं. कुलूप काढून घेतलेली टेस्ट खोटी नसते, पण ती वेगळ्याच मशीनची टेस्ट असते. एक्सपीच्या काळातल्या प्रोग्रॅमना हेच भोवलं होतं. गिऱ्हाईकाच्या घरी पहारा आहे आणि तुमच्याकडे नाही, तर तुमची हिरवी खूण गिऱ्हाईकाबद्दल फारसं काही सांगत नाही.

म्हणून, तुमच्यातले जे कोड लिहितात किंवा टेस्टिंगच्या नोकरीत आहेत, त्यांच्यासाठी तीन प्रश्न. अडलेल्या टेस्टसाठी किती मोठं दार उघडताय: एका प्रोग्रॅमपुरतं की अख्ख्या मशीनचं? ते परत कोण लावणार: तुम्ही आठवणीने, की टेस्ट संपताच आपोआप? आणि कुलूप लावलेल्या मशीनवर ही टेस्ट निदान एकदा तरी चालते का? अख्खं मशीन उघडावंच लागणार असेल, तर ते वेगळं ठेवा, ज्यावर तुमचा मेल नाही, फोटो नाहीत, बँक नाही. मोकळेपणाने मोडायला एक व्हर्च्युअल मशीनही पुरतं.

आणि जे कोड लिहीत नाहीत, त्यांच्यासाठी दोन मिनिटांचं काम. मॅक असेल तर टर्मिनलमध्ये सीएसआरयुटिल स्टेटस लिहून बघा, उत्तरात पहारा चालू आहे की नाही ते येतं. जुना, दुसऱ्याकडून घेतलेला मॅक असेल तर नक्की बघा, कारण आधीच्या मालकाने काय उघडं ठेवलंय हे तुम्हाला माहीत नसतं. अँड्रॉइड फोन असेल तर सेटिंगमध्ये जाऊन यूएसबी डिबगिंग चालू राहिलंय का ते तपासा. चालू असेल आणि लागत नसेल, तर बंद करा.

सापडलं काही उघडं, तर मला कळवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा.